खोली नंबर ३०२

भुताखेतांच्या गोष्टी सांगणारी मंडळी बहुधा पडका वाडा, ओसाड विहीर किंवा वेशीबाहेरचा पिंपळ यांचीच निवड करतात. माणसांचा राबता जेथें कमी, तेथें भुतांचा राबता अधिक, असा या विषयांतील जुना संकेत आहे. हॉटेलची खोली या संकेतांत बसत नाहीं. तेथें रोज नवा पाहुणा येतो, रोज नवी चादर अंथरली जाते, आणि कालच्या पाहुण्याची कांहींही खूण आजच्या पाहुण्यास लागूं नये याचसाठीं तर हॉटेलच्या नोकरांस पगार मिळतो. घराला आठवण असते. हॉटेलच्या खोलीला ती असूं नये अशी व्यवस्थाच केलेली असते. असें असूनही जगांतील कित्येक मोठ्या हॉटेलांत एखादी खोली अशी निघते, कीं जिचा क्रमांक नोकर हलक्या आवाजांत उच्चारतात, आणि जिचें भाडें भरून मुद्दाम एक रात्र काढावी म्हणून दूरदूरचे लोक येतात.

अशा खोल्यांपैकीं एकीचा तपास आज करावयाचा आहे. इतर खोल्या सोडून हीच निवडण्याचें कारण एवढेंच, कीं तिच्या दुःखद इतिहासास लेखी पुरावा आहे. पुष्कळ ठिकाणीं "फार वर्षांपूर्वीं येथें एका बाईनें जीव दिला" यापलीकडे कोणास कांहीं सांगतां येत नाहीं. ना नांव, ना साल. येथें साल आहे, तारीख आहे, साक्षीदार आहेत, पंचांचा निकाल आहे. घोळ आहे तो नांवाचा, आणि या सगळ्या प्रकरणाचा गाभाही तोच आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया संस्थानांत, सॅन डिएगो शहरासमोर खाडीपलीकडे कोरोनाडो नांवाचा भूभाग समुद्रांत शिरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या बाजूला जमिनीच्या भावांना मोठी तेजी आली होती. रेल्वेच्या धंद्यांतून निवृत्त झालेले इलायशा बॅबकॉक आणि पियानोंचे व्यापारी हॅम्प्टन स्टोरी, या दोघां भागीदारांनीं तेथें समुद्राच्या अगदीं कांठावर एक प्रचंड हॉटेल उठविलें. बांधकाम सारें लांकडी. लाल छपरें, शंकूच्या आकाराचा मनोरा, आणि त्या काळीं अपूर्वाईचे असे विजेचे दिवे. काम वर्षाच्या आंत उरकून १८८८ च्या फेब्रुवारींत 'हॉटेल देल कोरोनाडो' पाहुण्यांस खुलें झालें. तेजी ओसरली, मालक बदलले, साखरेच्या व्यापारांत गबर झालेल्या स्प्रेकल्स घराण्याकडे तें गेलें. पण इमारत टिकली. १९५८ सालीं मेरिलिन मन्रोच्या एका गाजलेल्या विनोदी चित्रपटाचें चित्रीकरण तेथें झालें, आणि १९७७ सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तु म्हणून तिची गणना झाली. ज्या घटनेशीं आपणांस कर्तव्य आहे ती १८९२ सालची, म्हणजे इमारत अवघी चार वर्षांची असतांनाची. भुतांना जुनी वास्तु लागते हा समज येथेंच पहिला बाद होतो.

या हॉटेलांतील तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीविषयीं पुढील गोष्टी सांगितल्या जातात. दिवे आपोआप मिणमिणतात. खिडक्या बंद असतां वाऱ्याची गार झुळूक अंगावरून जाते. व्हरांड्यांत पावलें वाजतात, कोणी दिसत नाहीं. कधीं जुन्या घाटाचा पोशाख केलेली एक स्त्री दिसते आणि पुन्हां पाहावें तों नाहींशी होते. टेलिव्हिजनचा पडदा आपोआप उजळतो व मावळतो. हें शेवटचें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १८९२ सालीं वारलेल्या बाईस हें यंत्र कोणीं शिकविलें, हा प्रश्न थट्टेचा वाटेल; पण त्यांत तथ्य आहे. भुतें नेहमीं सांगणाराच्या काळाबरोबर चालतात. आपल्याकडचा मुंज्या कंदिलाच्या काळांत कंदील विझवीत असे. पुढें वीज आली तेव्हां तो बटणाशीं खेळूं लागला.

तपास करावयाचा तो कंदील हातीं घेऊन रात्रीं बारा वाजतां नव्हे. दिवसाउजेडीं दप्तर घेऊन. झपाटलेल्या खोलीविषयीं पहिला प्रश्न 'तेथें काय दिसतें' हा नाहीं, तर 'तेथें काय घडलें' हा आहे. आणि सुदैवानें या प्रश्नाचें उत्तर देणारी मंडळी शपथेवर बोललेली आहेत. मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशीं, ३० नोव्हेंबर १८९२ रोजीं, मृत्यूच्या कारणाची सरकारी चौकशी झाली.

त्या चौकशींतून व त्या आठवड्याच्या वृत्तपत्रांतून निघणारी हकीकत अशी. गुरुवार, ता. २४ नोव्हेंबर. अमेरिकन लोकांचा तो आभारप्रदर्शनाचा सण. घरोघर नातलग एकत्र जमावयाचे, मोठें जेवण व्हावयाचें. त्या दिवशीं पंचविशीच्या सुमाराची एक स्त्री एकटीच हॉटेलांत उतरली. नोंद झाली ती 'मिसेस लॉटी ए. बर्नार्ड, डेट्रॉइट' अशी. बरोबर सामान नव्हतें. सामानाच्या पावत्या भावाजवळ राहिल्या आहेत, भाऊ मागाहून येणार आहे, त्याचें नांव डॉक्टर अँडरसन, असें तिनें सांगितलें. तिला ३०२ नंबरची खोली मिळाली. आज त्याच खोलीवर ३३२७ हा आंकडा आहे. मध्यें कांहीं काळ तो ३३१२ होता.

ती पांच दिवस राहिली. प्रकृति बरी नव्हती हें सर्वांच्या डोळ्यांस दिसत होतें. मज्जातंतूंचा शूळ आहे, पोटांत कर्करोग आहे, अशीं कारणें तिनें नोकरांस सांगितलीं. भाऊ आला काय, अशी विचारणा ती वारंवार करी. हॉटेलच्या मुख्य कारकुनास तिच्याविषयीं काळजी वाटूं लागली. आणि व्यवसायाच्या दृष्टीनें दुसरीही काळजी होतीच, ती म्हणजे बिलाची. पैशाचें काय, असें त्यानें विचारलें तेव्हां आयोवा संस्थानांतील हॅम्बर्ग या लहानशा गांवच्या एका गृहस्थाकडे तार करावी असें तिनें सुचविलें. तेथून पंचवीस डॉलरची हमी आली, पण ती आली तेव्हां तिचा उपयोग राहिला नव्हता.

सोमवारीं, ता. २८ रोजीं, ती आजारी अवस्थेंत खाडी ओलांडून शहरांत गेली आणि तेथें तिनें एक पिस्तूल विकत घेतलें. मंगळवारीं सकाळीं हॉटेलच्या विजेच्या दिव्यांची देखभाल करणाऱ्या मनुष्यास समुद्राकडे उतरणाऱ्या बाहेरच्या जिन्यावर ती मृत आढळली. डोक्यास गोळीची जखम होती, पिस्तूल जवळच पडलेलें होतें. पंचांनीं आत्महत्येचा निकाल दिला.

येथें तपासकानें एक क्षण थांबावें. मृत्यु खोलींत झालाच नाहीं. तो झाला उघड्या जिन्यावर, समुद्रासमोर. ज्या जागीं प्राण गेला त्या जागीं आत्मा घुटमळतो हा जर नियम मानावयाचा, तर झपाटावयास हवा होता तो जिना. आणि जिना भाड्यानें देतां येत नाहीं. हें अंमळ कठोर बोलणें झालें खरें. खोलीची बाजू घेणारा म्हणेल, कीं माणूस जेथें मेला त्यापेक्षां जेथें त्यानें अखेरचीं दुःखें भोगलीं ती जागा अधिक महत्त्वाची. ठीक आहे, पण मग नियम आधीं सांगावयास हवा होता. भूत जेथें दिसेल तेथें त्याला अनुकूल असा नियम मागाहून काढावयाचा, ही तपासाची रीत नव्हे.

आतां नांवाकडे वळूं. पोलिसांनीं मृत स्त्रीचें वर्णन तारेनें देशभर धाडलें. वृत्तपत्रांस विषय मिळाला. तरुण, देखणी, एकटी, अनोळखी. एवढ्या विशेषणांवर त्या वेळच्या बातमीदारांनीं पुढले कित्येक दिवस स्तंभ भरले आणि तिला 'सुंदर अपरिचिता' असें नांवही दिलें. डेट्रॉइटच्या लॉटी बर्नार्डचा मात्र कोणास पत्ता लागेना. उलट त्याच डेट्रॉइटमध्यें एका आईची मुलगी एका पुरुषाबरोबर घर सोडून गेली होती. वर्णन वाचून त्या माउलीस वाटलें कीं ही आपलीच मुलगी. दूर किनाऱ्यावर कोणा अनोळखी बाईचें प्रेत शवागारांत पडलेलें, आणि अर्ध्या खंडापलीकडे एक आई तिच्यासाठीं रडते आहे, असा तो प्रसंग. भुताच्या गोष्टींत या आईला कोणी जागा देत नाहीं. वास्तविक साऱ्या हकीकतींत अंगावर कांटा आणणारें असें कांहीं असेल तर तें हेंच.

पुढें लॉस एंजलिसहून एक धागा मिळाला. तेथील एका घरीं 'केटी लोगन' या नांवानें काम करणारी एक बाई सणाच्या आदल्या दिवशीं घराबाहेर पडली ती परतली नव्हती. तिची ट्रंक मागें राहिली होती. ती उघडल्यावर आंतील कागदपत्रांवरून व छायाचित्रांवरून ओळख पटविण्यांत आली, कीं ही आयोवाची केट मॉर्गन. पूर्वाश्रमीची केट फार्मर; लहानपणींच आई गेली, आजोबांनीं वाढविलें; १८८५ च्या डिसेंबरांत टॉम मॉर्गनशीं लग्न; पुढल्या वर्षीं एक मुलगा झाला, तो दोन दिवस जगला. आजोबांची तार आली, कीं दफन करावें आणि खर्चाचा आंकडा कळवावा. सॅन डिएगोच्या माउंट होप दफनभूमींत तिचें दफन झालें.

लॉटी, केटी, केट, आणि त्या डेट्रॉइटच्या आईची मुलगी. एका देहासाठीं इतकीं नांवें. पुढें शंभर वर्षांनंतरही कांहीं लेखकांनीं असें प्रतिपादन केलें, कीं जिन्यावर सांपडलेली स्त्री केट मॉर्गन नव्हेच. सरकारी ओळख केटच्या बाजूनें आहे, आणि हॉटेलनेंही तीच मानली आहे. पण ज्यांना त्या खोलींत 'केट भेटली' असें वाटतें त्यांनीं हा घोळ एकदां नजरेखालून घालावा. भुतानें आपलें नांव सांगितल्याचा दाखला नाहीं. तें नांव खालीं दप्तरांत मिळालें आणि मग वरच्या खोलींतल्या सावलीस चिकटविलें गेलें.

अशा हकीकतीला पुढें फांद्या फुटतात. आगगाडींत याच बाईस एका पुरुषाबरोबर भांडतांना पाहिल्याचें एका प्रवाशानें सांगितलें होतें. तो पुरुष मध्येंच उतरून गेला. नवरा जुगारी होता अशी बोलवा वृत्तपत्रांत होतीच. या दोहोंच्या मिलाफांतून आगगाडींत पत्त्यांच्या डावांत उतारूंना फसविणारें नवराबायकोचें जोडपें तयार झालें. मग ती गरोदर होती असें अनुमान आलें. अखेर १९९० सालीं ॲलन मे नांवाच्या एका वकिलानें पुस्तक लिहून असा दावा केला, कीं ही आत्महत्या नसून खून होता. गोळी आणि पिस्तूल यांचा मेळ बसत नाहीं. हा दावा भूतप्रेमी मंडळींस फार आवडला, आणि तें साहजिक आहे. आत्महत्येच्या दुःखाला उत्तर नसतें. खुनाला आरोपी असतो. भुताला कांहीं काम नेमून द्यावयाचें तर न्याय मागण्याचें काम सर्वांत सोयीचें पडतें. पण पंचांपुढें जी साक्ष झाली तींत पिस्तुलाची खरेदी आहे, तिचा आजार आहे, तिची निराशा आहे. भरीव पुरावा त्या बाजूस आहे. शंभर वर्षांनंतरच्या तर्कानें तो उलथून पडण्यासारखा नाहीं.

भुतांचा शास्त्रीय तपास करूं पाहणाऱ्या लोकांचा इतिहासही याच काळांतला आहे, आणि त्यांतील एक प्रकरण कोरोनाडोच्या शेजारीं ठेवून पाहण्याजोगें आहे. लंडनमध्यें १८८२ सालीं 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' ही संस्था निघाली. केंब्रिजच्या विद्वानांचा तींत भरणा होता. एडमंड गर्नी हा तिचा चिटणीस व सर्वांत कष्टाळू कार्यकर्ता. मरणाच्या वेळीं दूरच्या आप्तांस माणूस दिसतो, अशा शेंकडों हकीकती त्यानें पत्रव्यवहार करून, साक्षी ताडून, तारखा जुळवून गोळा केल्या आणि १८८६ सालीं दोन जाड खंडांत सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केल्या. दुसऱ्याची ऐकीव गोष्ट घ्यावयाची नाहीं, ज्यानें पाहिलें त्याचीच साक्ष घ्यावयाची, आणि बातमी कळण्यापूर्वीं त्यानें ती कोणास सांगितली होती काय हें विचारावयाचें, हे दंडक त्यानें घालून दिले. १८८८ च्या जूनमध्यें हा गृहस्थ ब्रायटन येथील एका हॉटेलांत एकटाच उतरला आणि दुसऱ्या दिवशीं खोलींत मृतावस्थेंत सांपडला. तोंडावर क्लोरोफॉर्मची पिशवी होती. खिशांतल्या एका न टाकलेल्या पत्रावरून तो कोण हें कळलें. तोही मज्जातंतूंच्या शूळासाठीं क्लोरोफॉर्म वापरीत असे, असें सांगण्यांत आलें, आणि पंचांनीं अपघाती मृत्यु ठरविला. १९६४ सालीं ट्रेव्हर हॉल यानें स्वतंत्र पुस्तक लिहून ती आत्महत्या असावी असें मांडलें. तो वाद मिटला नाहीं. भुतांचा सर्वांत चिकाटीचा शोधक स्वतःच हॉटेलच्या खोलींतलें एक कोडें होऊन बसला. त्याच्या त्या खोलीला मात्र कोरोनाडोसारखी कीर्ति लाभली नाहीं.

त्याच संस्थेनें पुढें सतरा हजार लोकांस एक प्रश्न विचारला: पूर्ण जागे असतांना, बाहेर कांहीं कारण नसतां, कोणी दिसल्याचा, कोणीं स्पर्श केल्याचा किंवा आवाज आल्याचा स्पष्ट भास आपणांस कधीं झाला आहे काय? १८९४ सालीं अहवाल निघाला. 'होय' म्हणणारे १,६८४ निघाले, म्हणजे दर दहांत जवळजवळ एक. वेड्यांच्या इस्पितळांतले नव्हेत. तुमच्याआमच्यासारखे संसारी लोक. या आंकड्याचें महत्त्व खोलीच्या तपासांत फार आहे. समजा, एक खोली वर्षांतून अडीचशें रात्रीं भरलेली असते आणि तींत दोघे निजतात. तीस वर्षांत निजणारांची संख्या पंधरा हजारांवर जाते. आयुष्यांत केव्हां तरी होणारा भास आणि एकाच रात्रीं होणारा भास यांत अंतर आहे, हें कबूल; परंतु परका पलंग, अपुरी झोंप, प्रवासाचा शीण आणि उशाशीं समुद्राची गाज, एवढें सर्व जमल्यावर पंधरा हजारांतून कांहीं जणांस कांहीं तरी ऐकूं आलें नाहीं तरच नवल. शेजारच्या खोलींतही तें ऐकूं येत असेल. पण शेजारच्या खोलींतला पाहुणा कूस बदलून झोंपी जातो, आणि सकाळीं विसरतो; त्याच्या भासाला कोणी नांव दिलेलें नसतें.

लांकडी इमारतीचें स्वतःचें असें एक बोलणें असतें. दिवसा तापलेलें लांकूड रात्रीं आंखडतें, खाऱ्या दमट हवेनें फुगतें, सांधे करकरतात; कोंकणांतील माडीच्या घरांत राहिलेल्यांस हें सांगावयास नको. पण याहून सूक्ष्म कारणेंही सांपडलीं आहेत. व्हिक टॅंडी हा इंग्रज तंत्रज्ञ १९८० नंतरच्या दशकांत एका प्रयोगशाळेंत काम करीत असे. तेथें काम करणारांस उगीचच उदास वाटे, घाम फुटे. एके रात्रीं त्याला स्वतःला डोळ्याच्या कोपऱ्यांतून एक करडी आकृति दिसली, वळून पाहतां नाहींशी झाली. दुसऱ्या दिवशीं त्यानें तरवारीच्या खेळांतलें एक पातें दुरुस्तीसाठीं शेगड्यांत धरलें, तों तें आपोआप थरथरूं लागलें. दुसऱ्या कोणाचें धाबें दणाणलें असतें. टॅंडीनें पातें खोलीभर सरकवून पाहिलें आणि थरथर कोठें जास्त, कोठें कमी हें टिपलें. नव्या बसविलेल्या हवा खेंचणाऱ्या पंख्यामुळें खोलींत सेकंदास सुमारें एकोणीस आंदोलनांची, कानास ऐकूं न येणारी ध्वनिलहर उभी राहिली होती. पंख्याची व्यवस्था बदलतांच लहर गेली, उदासपणा गेला, करडा पाहुणाही गेला. हा वृत्तान्त त्यानें १९९८ सालीं त्या लंडनच्या संस्थेच्याच नियतकालिकांत छापला.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रवैद्यानें १९२१ सालीं एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. जुन्या मोठ्या घरांत राहावयास गेल्यापासून त्यांना पावलें ऐकूं येत, रात्रीं कोणी उशाशीं उभें आहे असें वाटे, मुलें फिकटलीं, डोकीं दुखत, कुंड्यांतलीं झाडेंही मरूं लागलीं. शोध करतां घर गरम ठेवणारी भट्टी नादुरुस्त असून तिचा विषारी कोळवायु खोल्यांतून पसरत असल्याचें आढळलें. भट्टी दुरुस्त झाली, भूत गेलें. त्या कुटुंबानें भुताची गोष्टच धरून ठेवली असती तर तीं माणसें जगलीं असतीं कीं नाहीं, देव जाणे. म्हणून झपाटलेल्या खोलींत प्रथम मांत्रिक न बोलावतां भट्टी व विजेच्या तारा तपासणारा कारागीर बोलवावा हें उत्तम.

यावरून कोरोनाडोच्या खोलींत पंखा आहे किंवा वायु आहे असें सिद्ध होत नाहीं. तेथील दिव्यांचें कारण तेथेंच शोधलें पाहिजे. कॉव्हेंट्रीकडचें उत्तर कॅलिफोर्नियाला लावणें हाही एक प्रकारचा अंधविश्वासच होय.

मात्र एक कारण असें आहे, कीं जें त्या खोलींत निश्चित हजर असतें. तें म्हणजे पाहुण्याची अपेक्षा. लँगे व हूरान या दोघां संशोधकांनीं १९९७ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बंद पडलेलें एक नाट्यगृह घेतलें. बावीस लोकांपैकीं निम्म्यांस सांगितलें, कीं ही जागा झपाटलेली आहे. उरलेल्यांस सांगितलें, कीं दुरुस्तीचें काम निघावयाचें आहे. दोन्हीं गट त्याच दालनांतून फिरले. पहिल्या गटानें चमत्कारिक अनुभव कितीतरी अधिक नोंदविले. भिंती त्याच, हवा तीच, फरक एका वाक्याचा. कोरोनाडोस ३३२७ नंबरची खोली मागून घेणारा पाहुणा तें वाक्य घरून पाठ करूनच आलेला असतो. त्यांत भर म्हणून हॉटेलनेंच २००२ सालीं केट मॉर्गनवर पुस्तक काढलें. त्या पुस्तकाच्या न्यायानें सांगावयाचें तर जुनीं वृत्तपत्रें व चौकशीचे कागद त्यासाठीं कसून धुंडाळण्यांत आले, आणि त्या स्त्रीविषयीं आज जें नेमकें कळतें त्यांतील पुष्कळ भाग त्या परिश्रमाचा आहे. मात्र इतर हॉटेलें जी गोष्ट दडवितात ती येथें आरशांत लावून ठेविली आहे, हेंही तितकेंच खरें.

खरी कसोटी घ्यावयाची तर ती अवघड नाहीं. पाहुण्यांस खोल्या चिठ्ठ्या टाकून द्याव्या. कोणास कोणती खोली झपाटलेली तें कळूं देऊं नये. दरवाजावरचे आंकडे झाकावे. आणि वीस खोल्यांतल्या सर्वांनीं सकाळीं चहापूर्वीं, एकमेकांशीं बोलण्याआधीं, एकच प्रश्नपत्रिका भरावी. दिवे मिणमिणले तर वेळ लिहावी, म्हणजे वीजखात्याच्या नोंदीशीं ती ताडतां येते. असें वर्षभर चालवावें. शिवाय या खोलीनें तपासकाला एक दुर्मिळ सोय करून ठेविली आहे: तिचा आंकडा दोनदां बदलला. ३०२ ची ३३१२ झाली, ३३१२ ची ३३२७ झाली. प्रत्येक बदलाच्या आगचीं व मागचीं पाहुण्यांचीं गाऱ्हाणीं कोणीं नीट टिपून ठेविलीं असतीं, तर तीं भिंतींना चिकटून राहिलीं कीं आंकड्याबरोबर सरकलीं, एवढ्यावरून पुष्कळ उलगडा झाला असता. उपकरणें घेऊन रात्रीं अंधारांत बसणाऱ्या मंडळींचा हंगाम पुष्कळ असतो. गाऱ्हाण्यांची वही लिहिण्यांत मौज नसल्यामुळें ती कोणी लिहीत नाहीं. मोजपट्टीवर कांटा हलला म्हणजे तो कांटा हलला एवढेंच सिद्ध होतें. त्यानें केट मॉर्गन हें नांव कसें सांगावें?

आणि इतकें सारें करून त्या खोलींत कांहीं न निघालें तरी तपास निष्फळ ठरत नाहीं, कारण जिन्यावरचें कोडें आपल्या जागीं उभेंच राहतें. पांच दिवस एक आजारी बाई गजबजलेल्या हॉटेलांत राहिली. कारकून, जिन्यावरचे पोरगे, मोलकरणी, दुकानदार, सर्वांनीं तिला पाहिलें. साक्षींत सर्वांनीं तिची प्रकृति, तिचा चेहरा, तिचें बोलणें बारकाईनें वर्णिलें. तिला मदत करावी असें त्यांच्या मनांत आलें नाहीं असें नव्हे. कारकुनानें तार केली, नोकरांनीं चौकशी केली. पण तिनें दिलेल्या नांवाच्या आड त्यांना जातां आलें नाहीं, आणि तिनेंही त्यांना जाऊं दिलें नाहीं. जिचें नांव, गांव व नातें तिघेंही खोटीं, तिला धीर तरी कोणत्या नांवानें द्यावा?

डॉक्टर अँडरसन या भावाचा माग तारांनीं व वृत्तपत्रांनीं घेऊन पाहिला. केट मॉर्गनच्या माहेरीं त्या नांवाचा भाऊ निघाला नाहीं. सामानाच्या पावत्याही कोणीं आणून दिल्या नाहींत. तिनें सोडलेली ट्रंक शंभर मैलांवर लॉस एंजलिसच्या त्या घरींच होती, आणि तिच्यांत लग्नाचा दाखला नीट घडी घालून ठेवलेला होता.